कचरूचा घण आणि रखडणारी लहर

केदारखेड्यात विहिरीचा खडक फोडायचा तर कचरूलाच बोलवायचं, ही रीतच होती. त्याचा घण पडला की पल्याडच्या वावरातले बैल मान वर करतात, असं तो स्वतःच सांगायचा. बैलांना विचारायला कोण जातंय? म्हणून १९९४ साली जमिनीच्या पोटातला खडक तपासायला साहेब आले, तेव्हा घण मारायचं काम कचरूकडंच आलं.

काम सोपं होतं. लोखंडी पाटावर घण हाणायचा. धक्क्याची लहर खडकातून निघून दूर रोवलेल्या खुंट्यांपर्यंत जायची आणि यंत्र तिची वेळ टिपायचं. खुंट्यांची पहिली रांग उगवती-मावळतीची होती, तीत लहर झटक्यात पोचली. "हात कुणाचा हाय?" पारावर शाबासकी झेलत कचरूनं मिशीला पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी रांग दक्षिणोत्तर मांडली आणि साहेब पुटपुटले, "इकडं उशिरा पोचतेय."

झालं. दिवेलागणीपर्यंत कचरूचा हात ढिला पडल्याची बातमी गावभर झाली. शेजारच्या सर्जेरावानं तर येऊन तब्येत विचारली. कचरूला ते फार झोंबलं. नावच गेलं तर नुसता घण घेऊन काय करायचं? सकाळी त्यानं दोन भाकरी जास्तीच्या हाणल्या, मारुतीला नारळ फोडला आणि दातओठ खाऊन घाव घातला. पाट वाकला. लहर तेवढीच उशिरा.

"साहेब, डावा खांदा दुखून राह्यला," तो कसनुसा म्हणाला.

"खांद्याचा काय संबंध? खालच्या खडकात उगवती-मावळतीच्या उभ्या भेगा आहेत. भेगांच्या कडेनं लहर पळते, भेगा ओलांडताना रखडते. वेग खडकाचा, तुमचा नाही."

कचरूला पटेना. तेवढ्यात त्याची बायको सोनूबाई भाकरी घेऊन आली. साहेबांनी तिलाच घण मारायला सांगितलं. तिनं पदर खोचला, घण जेमतेम उचलला आणि सोडला. लहर बारीक उमटली, पण पोचली बराबर कचरूच्याच वेळेला. रांग पुन्हा उगवतीकडं फिरवली, तर तिथंही कचरूइतकीच झटक्यात.

कचरूचा जीव भांड्यात पडला. आपला हात शाबूत होता. पण घरी जाताना त्याच्या ध्यानात आलं, की मंग पारावरची ती शाबासकीसुद्धा खडकाचीच. त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी सोनूबाई खांद्यावर घण घेऊन दारात उभी.

"आज मी जाऊन राह्यले. दुपारी भाकरी तुमी घेऊन या. अन् जल्दी या, उशीर झाला तर खडकाचं नाव सांगू नका."