कस्तुराची जागा

कस्तुराला तेजल डोळ्यांसमोर नको असायची. चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत टेस्टिंगच्या टेबलाची जागा कस्तुराची, आणि तेजल तिची रिलीव्हर. म्हणजे कस्तुरा लघवीला उठली की तेवढा वेळ तेजलने तिथे बसायचं. पोरीचा हात मोठा चपळ. सुपरवायझर एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "तेजल बसली की लाइन पळते राव!" त्या दिवसापासून कस्तुराचा नुसता जळफळाट.

मग काय, बाईसाहेबांनी उठायचंच सोडलं! उठायला लागू नये म्हणून पाणीही तोडलं. शिफ्टभर लघवी दाबून धरायची आणि तेजलकडे डोळे वटारून बघायचं. शेवटी लघवीला आग सुरू झाली, ओटीपोट दुखू लागलं. पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला दिली आणि सांगितलं, "जंतू झालेत. लघवी तुंबवली की ते वाढतात. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, भरपूर पाणी प्या."

पाणी प्यायचं म्हणजे उठायचं, आणि उठायचं म्हणजे तेजल! आग थांबली तशी कस्तुराने पाणीही सोडलं आणि गोळ्याही. जंतू मात्र पुरते मेले नव्हते. एका सकाळी थंडी वाजून ताप भरला, कंबरेत कळा आल्या. नवऱ्याने, विलासने, तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते. सलाईन लागलं, आता औषध शिरेतून.

भेटायला आली तेजल. कस्तुराने तब्येतीचं बोलूच दिलं नाही.

"माझ्या जागेवर कोण?"

"मीच, ताई. पण मला रिलीव्हरच न्हाई दिला." तेजलचा चेहरा उतरलेला होता. "दाबूनच बसते. आता मलापण आग होतेय. तुमच्या गोळ्या उरल्या असतील ना? त्या द्या."

कस्तुराला आधी बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग तेजलने कंबरेवर हात दाबला, आणि कस्तुराला तिच्यासाठी भीती वाटली.

"उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस. अर्ध्या सोडल्या म्हणून तर मी इथे पडलेय. आत्ता खाली जाऊन लघवी तपासून घे. उद्या सुट्टी टाक."

"मग जागेवर ती नवी पोरगी, प्राजक्ता, बसंल. तिचा हात माझ्यापेक्षा चपळ हाय, ताई."

कस्तुराने उशाजवळची पाण्याची बाटली उचलून दोन घोट घेतले.

"बसू दे," ती म्हणाली. "तू जा."