आधी ‘अहो’ म्हणा!

किया ओरा, म्हणजे इकडचा नमस्कार, मंडळी! अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला धडपडणाऱ्या एका नेत्याचं भाषण मी मागे कुतूहलापोटी ऑनलाइन ऐकलं, त्यासाठी ईमेल दिला आणि फसले. मी राहते न्यूझीलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात, पण हा मला रोज देणगी मागतो.

आज सकाळी पुण्याहून आलेल्या आईला त्याचा मेल मराठीत वाचून दाखवला. “मीनल, मी तुला चार वेळा लिहिलं. तू अजून काहीच दिलं नाहीस. मला वाईट वाटलं.”

आई भडकली. “हा तुझ्याशी एकेरीत बोलतो?”

“अगं, इंग्लिशमध्ये सगळ्यांना यूच असतं.”

“असू दे. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागणारी मुलंसुद्धा ‘काकू, तुम्ही’ म्हणतात. ह्याची ओळख ना पाळख, आणि मागतो काय, रुसतो काय!”

पटलं! माझं मत इथे न्यूझीलंडमध्ये आहे, तिकडच्या रुसव्याला मी कशाला भीक घालू? अनसबस्क्राइब दाबलं. त्यांनी कारण विचारलं. त्या चौकटीत मी चक्क मराठीत लिहिलं, “आधी ‘अहो’ म्हणा, मग ‘द्या’ म्हणा.”

आता बसू देत भाषांतर करत. उद्धट वाटलं का कुणाला? वाटू दे!