राजीखुशीने

घरोघर फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाकडं किस्से फार साचतात. फॉर्ममध्ये रकाने चारच असतात आणि लोक पाचवंच काहीतरी सांगतात. सध्या मी तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमसाठी मुळशीत फिरतेय. माणूस जे करतो ते स्वतःच्या मनानं करतो का, याबद्दल साध्या माणसांना काय वाटतं, ते त्यांना हवंय.

मला हल्ली एका जागी बसवत नाही, म्हणून फिरती बरी वाटते. पर्समध्ये हक्कसोडपत्र आहे. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा दादाच्या नावे सोडायचा, सोमवारी पौडच्या रजिस्ट्रार ऑफिसात सही. दादा म्हणतो, सगळ्याच बहिणी करतात.

*

माणमध्ये खोल्या भाड्यानं देणारे एक काका भेटले. मी प्रश्न वाचला: तुम्ही काय करणार हे एखाद्या यंत्राला आधीच कळत असेल, तर चूक तुमची धरायची का?

"आमच्या हिला तीस वर्सं आदीच कळतंय," काका म्हणाले. "तरी शिव्या मलाच घालती."

मॅडम म्हणाल्या, एवढंच सांगायला लोकांनी जाडजूड पुस्तकं लिहिलीत!

*

चांद्याला एक आयटीवाला, मूळचा लातूरचा. त्यानं 'माणूस स्वतंत्र आहे' यावर टिक केली, मला चहा पाजला. संध्याकाळी त्याचा फोन: "माझं उत्तर एडिट होईल का? मॅनेजरनं लीव्ह रिजेक्ट केली."

मी दिलं बदलून. नियमात बसत नाही, पण निदान कुणाचं तरी बदलता येतंय, असं वाटलं.

*

आधी फॉर्मवर शब्द होता 'इच्छास्वातंत्र्य'. भुकूमच्या एका काकूंनी विचारलं, "ही सोसायटी कुटं झाली नवीन?"

मग मॅडमनी सोपा शब्द शोधला. संमतीची ओळ झाली: मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने उत्तरे देत आहे. पुरुष पटापट सह्या करायला लागले, बायका हात मागं घ्यायला लागल्या. मॅडमना काही कळेना. मला कळत होतं, कारण पर्समधल्या कागदावर तेच शब्द होते. मी गप्प बसले, आणि त्याची मला लाज वाटते.

*

काल हिराबाईंकडं गेले. सत्तरीच्या, शेळ्या राखणाऱ्या. सही येत नाही म्हणून मी शाईचं पॅड उघडलं आणि ती ओळ वाचून दाखवली. त्यांचा हात पदराखाली गेला.

"ह्या शब्दावर येकदा अंगठा दिलाय मी, भावाला," त्या म्हणाल्या. "तवापास्नं माह्यारात पावनी हाय. आता काय, शेळ्या नेताय?"

तेवढ्यात दादाचा फोन आला. सोमवारी दहाला पोच, साडी चांगली नेस, तिथं फोटो काढतात, अंगठाही घेतात, म्हणाला. मी बरं म्हटलं.

कोण होतं, हिराबाईंनी विचारलं. भाऊ, म्हटलं, आणि सोमवारचंही सांगून टाकलं.

त्यांनी माझा हात ओढून घेतला. अंगठा वळवून, उन्हात धरून नीट बघितला.

"कोराय अजून," म्हणाल्या, आणि शेळ्यांमागं निघून गेल्या.