बाजू पलटा, पावणं

माझे आजोबा खोकतात तेव्हा आधी एक बारीक "ख्", मग जरा थांबून दोन जाड "खॉक् खॉक्". मला तो खोकला हुबेहूब जमतो. मी स्वयंपाकघरामागून काढला की सितारादादी बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडते, "पानी पियो जी!" आणि आजोबा तेव्हा दुकानात असतात.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. पाटी मात्र 'सितारा कॅसेट सेंटर' अशीच आहे. बदलायचं म्हटलं की दादी म्हणते, "हात तो लगाओ." आजोबांचं नाव महंमद हनीफ, पण नारायणगाव ते ओतूर सगळे त्यांना कॅसेटवाला हनीफभाऊ म्हणतात. त्यांचं ठाम मत आहे की माणसाला तीनच कॅसेटा लागतात. "बाकी नुसती गाणी, रूही."

पहिली कव्वालीची. आजोबा सतरा वर्षांचे होते आणि पणजोबांच्या कल्हईच्या दुकानात भाता मारायचे. समोरच्या चहावाल्यानं नवा टेप आणला, कव्वाली लागली, आणि इकडे भाता थांबला. विस्तव विझला, कुणाच्या तरी लग्नाचं पातेलं डागाळलं. पणजोबा म्हणाले, "हनीफ, तुजे कान कापून भात्याला लावतो, मग तरी हलशील." चार वर्षांनी आजोबांनी स्वतःचं दुकान टाकलं. गल्ल्यावर पहिली कॅसेट तीच ठेवली आणि फीत पांढरी पडेपर्यंत वाजवली.

दुसरी, रडक्या गाण्यांची. तेव्हा कॅसेट भाड्यानं मिळायची आणि परत देताना सुरुवातीपर्यंत गुंडाळून द्यायची, असा आजोबांचा कायदा होता. न गुंडाळता आणली की सगळ्यांदेखत विचारायचे, "पावणं, जेवल्यावर ताट कोन उचलायचं?" एकदा शेजारच्या आळीतली सितारा कॅसेट परत घेऊन आली. दुसरी बाजू, अर्ध्यावर थांबलेली. आजोबांनी ती तशीच ठेवून घेतली. ती गेल्यावर कॅसेट लावली, तर वाट बघण्याचं गाणं. पुढच्या महिन्यात त्यांची आई मागणी घालायला गेली.

"लाइट गई थी," दादी अजून सांगते. "मैं क्या करती?"

"बरोबर त्याच गाण्याला कशी गेली?"

"बिजलीवाले को पूछो."

सदतीस वर्षं हे भांडण चालू आहे. दोघांपैकी कुणालाच ते जिंकायचं नाही.

तिसरी कॅसेट आजोबांनी स्वतः केली. आंबेगावकडचे सावळारामबुवा गवळणी म्हणायचे. त्यांना कुठली कंपनी विचारणार? आजोबांनी दुकानाच्या दाराला गोधड्या टांगल्या, माइक लावला आणि सहा गवळणी एका दमात घेतल्या, कारण बुवांची एसटी पाचची होती. तिसरी गवळण संपत आली आणि शेजारी कुणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या. ख्. खॉक् खॉक्. कॅसेटमध्ये.

"बुवा, परत घेऊ," आजोबा म्हणाले.

"यष्टी थांबनार हाय का तुज्या खोकल्यासाठी? राहू दे. माणूस व्हता म्हनून कळंल."

खोकला राहिला. आणि तिसरीबरोबर पहिली बाजू संपताना आजोबांनी आपल्या आवाजात भरलं, "बाजू पलटा, पावणं." साठ कॅसेटा गावोगाव गेल्या. दोन वर्षांनी बुवाही गेले.

गेल्या दिवाळीपासून आजोबांचा उजवा कान गेला. डावाही हळूहळू चाललाय, किती दिवस साथ देईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कानाचं यंत्र दिलं. आजोबा घरी आले, माळ्यावरचा कॅसेटचा डबा उतरवला आणि म्हणाले, "एकदा बुवांना ऐकू दे. मग जाऊ दे गेला तर."

डबा उघडला. फितीवर बुरशी. लावली तर तुटली. जोडली तर रिळाला चिकटून परत तुटली. त्या दिवशी आजोबांनी पेन्सिल कॅसेटच्या दात्यात घातली आणि नुसतीच फिरवत बसले.

मग कव्हर घ्यायला येईल त्याला एकच प्रश्न. "घरी सावळारामबुवाची जुनी कॅसेट हाय का?" ओतूरचा एक जण म्हणाला, "व्हती की! तिची फीत आमी ज्वारीवर बांधली, पाखरं हाकाया. लई चमकायची."

"पाखरांनी तरी ऐकली," आजोबा म्हणाले आणि आत जाऊन पाणी प्यायले. दोन महिने असेच गेले. या काळात दादीनं टीव्हीचा आवाज तीनदा वाढवला.

आणि अवसरी खुर्दचा भरत मोबाइलला काच बसवायला आला.

"कॅसेट न्हाई राव. पण आमच्या हौशीरामआण्णांचं भजनी मंडळ तीच कॅसेट म्हनतं. आख्खी. त्याच वळीनं. टेपावरूनच शिकल्यात."

बुधवारी दुपारी मी आजोबांना घेऊन एसटीनं गेले. देवळाच्या सभामंडपात चार म्हातारे, पेटी, पखवाज, टाळ. टाळ वाजला आणि आजोबांचं यंत्र कुईंकन किंचाळलं. त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि डावा कान पुढे करत सरकत सरकत पेटीला जाऊन चिकटले.

"पावणं, पेटीत शिरताय का काय?" हौशीरामआण्णा म्हणाले.

"जागा असली तर शिरतो."

पहिली गवळण झाली. आजोबांचा चेहरा कोरा. दुसरीला त्यांनी पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. तिसरी संपत आली, आणि चारही म्हातारे, टाळ न थांबवता, एका सुरात खोकले.

ख्. खॉक् खॉक्.

मी तोंडात ओढणी कोंबली. आजोबांनी डोळे उघडले. ते ऐकू आलं होतं.

"आण्णा, हितं का खोकलात?"

"बुवा खोकायचे ना. त्यांची लकब. आमी तीस वर्सं सोडली न्हाई. हा जानकू नवा व्हता तवा दोनदाच खोकला, त्याला परत बसवला."

"लई अवघड जागा हाय ती," पखवाजावरचे जानकूबाबा म्हणाले.

आजोबांनी पेटीवरचा तळहात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"बुवा न्हाई," ते म्हणाले. "मी व्हतो त्यो. मिरच्या भाजत व्हते शेजारी."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. हौशीरामआण्णांनी पेटीचा भाता बंद केला. मग आजोबांच्या डाव्या कानाशी वाकून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "मग आमी कशाला खोकायचं? तुमचं तुमी खोका की राव!"

तिसरी परत सुरू झाली. आजोबांचा एक तळहात पेटीवर, दुसरा पखवाजाच्या अंगावर. डोक्यानं ते मोजत होते. मला एकच भीती, की जागा चुकेल. टाळ वर चढला, बायका सभामंडपाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, आणि नेमक्या त्या जागी, एक बारीक, मग जरा थांबून दोन जाड. मला जमतो त्यापेक्षा म्हातारा, पण जागेवर.

जानकूबाबांनी मान डोलावली.

गवळण संपली. कुणी काही बोलायच्या आत आजोबा ताठ बसले, घसा साफ केला आणि दुकानातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "बाजू पलटा, पावणं."

हौशीरामआण्णांनी चौथी धरली.