साखरबाई सांगेल तो सिनेमा

साखरबाई आमची बोईसरची खानावळवाली. मूळची बीडकडची. नवरा इथल्या कारखान्यात होता, तो वारल्यावर पोळपाट-लाटण्यावर तग धरून राहिली. तिची आमटी पचवलेला माणूस कशालाच भीत नाही, असं आम्ही जेवणारे तिच्या तोंडावर म्हणायचो. पण सिनेमाच्या बाबतीत तिच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

गंमत म्हणजे ती स्वतः टॉकीजची पायरी चढत नसे. खानावळीत टीव्ही होता आणि त्यावर दर आठवड्याला नव्या सिनेमांचं परीक्षण करायला एक गृहस्थ यायचे. साखरबाई त्यांना ‘मास्तर’ म्हणे. मास्तर भिकार सिनेमाला भिकारच म्हणायचे, मोठ्या नटाचीही भीड ठेवायचे नाहीत. तेवढा वेळ तवा खाली उतरायचा आणि पोळी मागणाऱ्याला ती डोळ्यांनीच गप्प करायची. सुट्टीला आम्ही तिला विचारूनच सिनेमाला जायचो. वर्षानुवर्षं तिचा शब्द खोटा ठरला नाही.

पुढं कार्यक्रमाला साबणवाला प्रायोजक मिळाला आणि मास्तरांची जीभ गोड झाली. जो येईल तो सिनेमा ‘सहकुटुंब पाहावा असा’! आम्ही म्हणायचो, “बाई, मास्तरांनी कुणाचं तरी मीठ खाल्लंय.” ती भडकायची. “त्यो माणूस खोटं बोलायचा न्हाई. तुमालाच कळत न्हाई.”

एकोणनव्वद साली मास्तरांनी एका सिनेमाची तोंडभरून स्तुती केली: आदिवासी जीवनाचं अस्सल दर्शन. त्याच आठवड्यात गोमा आला. गोमा डोंगरातल्या पाड्यावरचा. हंगामी कामाला इकडे उतरायचा आणि घरी परतण्याआधी घरच्यांना एक सिनेमा दाखवायचा. वर्षाचा तो एकच, म्हणून साखरबाईला विचारल्याशिवाय तो तिकीट काढत नसे. “यंदा तुमच्या लोकांचाच हाय,” ती हरखून म्हणाली. गोमानं बायको जिवलीला, म्हाताऱ्या आईला, पाड्यावरच्या शेजाऱ्यांनाही नेलं.

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा राहिला.

“बाई, आमचे लोकांना डोक्यावर पिसा लावून नाचवलाय. माणूस भाजून खातात, असा दाखवलाय. सगली हसत होती. दिवे लागले, मंग आमच्याकडं बगून हसली. आय इचारते, आपले पाड्यावर असा कोण करतं?”

त्या दिवशी चूल विझवून साखरबाई जन्मात पहिल्यांदा टॉकीजात गेली आणि तो सिनेमा शेवटपर्यंत बघून आली.

“न बगता बोलला आसंल, तर लबाड,” ती म्हणाली. “आन् बगून बोलला आसंल, तर माझ्या तोंडानं गोमाला फशिवलं त्यानं.” मग पदरात तोंड घालून रडली. नवऱ्याच्या वेळीही आम्ही तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या मास्तरांचा असा संताप आला की टीव्हीच फोडावासा वाटला. काही दिवसांनी कार्यक्रम भलत्याच वेळेला गेला आणि पुढे बंद पडला. कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या हंगामाच्या शेवटी गोमा आणि जिवली जेवायला आली. साखरबाईनं न मागता भात वाढला. जेवण झालं, हात धुतले, तरी तो काही विचारेना. शेवटी तिनंच विचारलं, “गोमा, यंदा शिनेमा न्हाई का?”

“तुमचा भात लई चांगला हाय, बाई,” तो अदबीनं म्हणाला आणि जिवलीला घेऊन बाहेर पडला.

त्यानं शिवी दिली असती, तर तिनं उलट चार दिल्या असत्या. ती खरकटी ताटं उचलत राहिली. बाहेर गोमा पानवाल्याला विचारत होता, “शेट, सिनेमा कंचा चांगला हाय?”