माहेरी राहिलेला कागद

सांगलीहून निघताना पिशवीत चपात्या कोंबता कोंबता लेकीनं विचारलं, "आई, माणसं काश्मीरला जातात. बाळंतपणाची रजिस्टरं बघायला शिरूर-दौंडला कोण जातं गं?"

"तुझी आई जाते," मी म्हटलं. नर्सिंग शिकवण्यातून निवृत्त झाले तरी माझी हौस फिटलेली नाही. काम असं, की प्रत्येक बाळंतिणीला दहापैकी एका गटात बसवायचं. पहिलटकरीण आहे का, आधी सिझर झालंय का, बाळ डोक्याकडून आहे का, कळा आपोआप आल्या का, यावरून गट ठरतो. मग कुठल्या गटात सिझर वाढतात ते दिसतं. नुसतं "हल्ली उठसूट पोट फाडतात" म्हणून बोटं मोडून काय उपयोग?

"मग मी कुठल्या गटात?" लेक म्हणाली.

तिच्या वेळी माझं सिझर झालं, पण का, ते मला आजवर ठाऊक नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते माझ्या आईला, बाहेर बोलावून. मी विचारलं की आई म्हणायची, "लेकरू हाती आलं ना? मग झालं तर!" पुन्हा विचारू, पुन्हा विचारू म्हणता म्हणता आईच गेली.

रांजणगावापाशी शिफ्ट सुटली होती. कंपनीच्या बसेस आणि दुचाक्यांत आमची एसटी जी अडकली ती अडकलीच. मी चरफडत होते, शेजारच्या सीटवरचे एक आप्पा मात्र निवांत. "पावण्या हाय जनू. बसा गप. हितं घड्याळ कंपनीचं चालतं."

शिरूरच्या प्रसूतिगृहात शैला सिस्टरनं आधी बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ पुढं ठेवली, मग मागच्या चार वर्षांची रजिस्टरं. सिझरच्या कारणाच्या रकान्यात तिनं जागोजागी सरळ "पायाळू" (पायाकडून येणारं बाळ) असं लिहिलेलं.

"अहो, हे डॉक्टरी भाषेत लिहायचं असतं," मी म्हटलं.

"तुमाला समजलं का न्हाई? मग झालं."

समजलं होतं. पहिलटकरीण आणि बाळ पायाळू, म्हणजे गट सहावा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यामुळं रजिस्टरात सासरची गावं लांबलांबची. दुसऱ्या खेपेला या बायका आपापल्या सासरी, दुसऱ्याच दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी मी दौंडची समजून ज्या गाडीत बसले ती चौफुल्यालाच रिकामी झाली. कंडक्टर म्हणाला, "पाटी वाचायची हुती की, मावशी." भीमेच्या पुलापासून उसाची शेतं बघत आणि गुऱ्हाळांचा वास घेत बसले होते, पाटी कोण वाचतंय! वाटेत काकवीची (पातळ गूळ) बाटली घेतली आणि केडगाव स्टेशनातून रेल्वेनं दौंड गाठलं.

तिथल्या दवाखान्यात सारिका नावाची पोरगी कॉटवर बसली होती, शेजारी तिची सासू. दुसरी खेप, आधी सिझर, कळा नुकत्याच सुरू झालेल्या. मी शिरूरहून आले कळताच तिचा चेहरा उजळला.

"माझं म्हायेर हाय शिरूर. घोड नदीला पानी हाय का वो?"

"आहे की." मी तिला काकवी दाखवली, तर तिचे डोळे भरून आले. तिची आई दरसाल काकवी धाडायची, आणि आईला जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंची अडचण वेगळी होती. पहिलं सिझर का झालं आणि गर्भपिशवीवरचा टाका कसा आहे, हे कळल्याशिवाय कळांची वाट बघणं धोक्याचं. त्या सिझरचा कागद माहेरी, सारिकाच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत राहिलेला. भावानं घर रंगवताना पेटी रिकामी केली.

"आईला समदं ठावं हुतं," सारिका म्हणाली. "मला कुनी सांगितलंच न्हाई. सासरी म्हंत्यात, हिला कळा सोसवल्या न्हाईत. या वक्ताला मला करून दावायचंय."

तिला विचारून मी शैला सिस्टरला फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला. तिकडं पान सापडलं. पायाळू. टाका खालचा, आडवा, म्हणजे कळांची वाट बघता येईल असा. कालच मी तिला सहाव्या गटात बसवलं होतं, आणि आज ती आधी सिझर झालेल्यांच्या पाचव्या गटात माझ्यासमोर!

"म्हंजी माझ्यात खोट नव्हती?"

"काडीची नव्हती गं," मी म्हटलं. ती सासूकडं बघून हसली. सासूनं पदर सावरला.

डॉक्टरीणबाई सारिकालाच म्हणाल्या, "बाळ या वेळी डोक्याकडून आहे. वाट बघू. पण अडलं तर लगेच सिझर करीन. चालेल?"

"चालंल. पन मला सांगून करा."

माझी परतीची गाडी होती. तिचा हात सोडवेना, पण निघाले.

सांगलीला पोचले त्या सकाळी तिचा फोन आला. आवाज दमलेला होता. "मावशी, शिजरच झालं. बाळाचं ठोकं कमी आलं. डाक्टरीणबाईंनी मला सांगितलं, मीच हो म्हनले. लेक झाली. कागद माझ्यापाशीच ठेवलाय. मोठी झाली की तिला वाचून दावीन."

माझ्या तक्त्यात पाचव्या गटात आणखी एक सिझर वाढलं. सारिकाचं सगळं मी लेकीला सांगितलं. ती माझी पिशवी रिकामी करत ऐकत होती. मग म्हणाली, "आणि माझा गट?"

"तो तुझ्या आजीला ठाऊक होता," म्हणाले आणि रडू आलं. आई, लेकरू हाती आलं गं. पण का, तेवढं सांगून जायचं होतंस.