कोरियन पोरांची सूट आणि श्यामलाने लिहिलेलं भाषण

श्यामला सिडनीतल्या गिरावीनमध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर राहते. ती ट्रॅफिक इंजिनिअर आहे, म्हणजे कुठल्या चौकात दिवा किती वेळ हिरवा राहणार हे ती आणि तिच्यासारखे चार जण ठरवतात. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, पण नियमाला अपवाद म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडते. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असं ठरलं, तेव्हा आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक काहीतरी कारण काढून मिठाईच्या दुकानापर्यंत जाऊन येत होते. श्यामलाने नकाशावर वर्तुळ आखून तो फ्रिजवर चिकटवला. मी मात्र नियम वाचायच्या आधी पळवाट शोधणारी. तरी आमचं जमतं. त्या वर्षी फिरायला एकाच माणसाबरोबर जाता येत होतं, आणि तो माणूस आपला नवरा असू नये यावर आम्हा दोघींचं एकमत होतं.

२०२१चा तो ऑगस्ट होता. सिडनीत आमच्या भागावर सगळ्यात कडक निर्बंध होते. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं, आणि पोलिसांबरोबर सैन्यातली पोरं घरोघरी जाऊन विलगीकरणातली माणसं घरातच आहेत ना ते बघायची. अशा दिवसांत आमच्या मंडळाने गणेशोत्सव झूमवर करायचं ठरवलं. मराठी माणूस एकवेळ मोदकांवाचून राहील, पण वादविवाद स्पर्धेवाचून नाही. मुलांनाच विषय सुचवायला सांगितले, आणि मुलांनी एकमताने निवडलेला विषय वाचून समितीतल्या मोठ्यांची तोंडं वाकडी झाली: कोरियातल्या पॉप गायकांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट द्यावी का?

श्यामलाची धाकटी मैथिली, वय वर्षं पंधरा, त्या गायकांची भक्त. तिच्या खोलीत सात कोरियन पोरं भिंतीवरून हसत असतात. तिला सूट द्यावी या बाजूने बोलायचं होतं. पण आमच्याकडे बाजू चिठ्ठी टाकून ठरते, आणि तिला आली विरुद्ध बाजू. पोरगी रडायच्या बेतात.

"यात रडण्यासारखं काय आहे?" श्यामला म्हणाली. "मी लिहून देते भाषण."

आधी मात्र तिला विषय समजून घ्यायचा होता, आणि तिथेच तिचा गोंधळ सुरू झाला. फिरताना ती मला रोज नवीन माहिती द्यायची. तिकडे प्रत्येक धडधाकट पोराला दीड-दोन वर्षं सैन्यात जावंच लागतं. ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवलं तर सूट. मोठ्या स्पर्धेत व्हायोलिन किंवा पियानो वाजवून नंबर काढला तरी सूट. पण जगभर गाणी गाजवणाऱ्या पॉपवाल्यांना सूट नाही, फक्त तिशीपर्यंत मुदत वाढवून मिळते.

"व्हायोलिनला सूट आणि नाचगाण्याला नाही, हा कुठला न्याय?" ती म्हणाली.

"आपल्याकडे शास्त्रीय गाण्याला शाल आणि लावणीला नाक मुरडणं, तसंच ते," मी म्हटलं.

"म्हणजे द्यावी सूट त्यांना?"

"द्यावी की."

"मग उद्या क्रिकेटवाला मागेल, परवा सिनेमावाला. शेवटी सैन्यात जाणार कोण? ज्याला काहीच येत नाही तो?"

हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी ती उलट बोलायला लागली, तेही पटलं. या विषयात जो शेवटी बोलेल तोच खरा वाटतो. श्यामलाने अखेर तिच्या पद्धतीने निकाल लावला: नियम सगळ्यांना एक. मग ती लिहायला बसली.

आता हे भाषण कसं असणार ते मराठी माणसाला सांगायला नको. आम्ही सगळे शाळेत वक्तृत्वाच्या व्यासपीठावर वाढलो. दहा वर्षांचे असताना मूठ आवळून आम्ही देशासाठी रक्ताचा शेवटचा थेंब देऊन टाकला, टाळ्या घेतल्या, स्टीलचा पेला बक्षीस घेऊन घरी आलो, आणि पुढे इंजिनिअरिंगला गेलो. श्यामलाच्या लेखणीतून तेच उतरलं. मावळे आले, सीमेवर जागणारा जवान आला, आणि शेवटी हे आलं: "ज्या आईला आपला मुलगा देशापेक्षा मोठा वाटतो, त्या आईने देशाकडे संरक्षण मागू नये."

तालीम बैठकीच्या खोलीत रोज चालायची. मैथिलीचं मराठी अडखळायचं, मग श्यामला स्वतः उभी राहून, हात वर करून ते वाक्य म्हणून दाखवायची. तिचा नवरा राजीव, हॉस्पिटलमधून दमून आलेला डॉक्टर, कानात बोळे घालून जेवायचा. तिचा थोरला विहान वर खोलीत असायचा. त्याचं यूनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष लॅपटॉपवर चाललं होतं, कॅफेतलं काम बंद पडलं होतं, मित्र भेटत नव्हते. तो दिवसचे दिवस छताकडे बघत पडतो, एवढंच श्यामला सांगायची.

एका रविवारी दुपारी तो खाली आला आणि म्हणाला, "आई, मी आर्मी रिझर्व्हला अप्लाय केलंय. नेक्स्ट स्टेपसाठी बोलावलंय त्यांनी."

श्यामलाला आधी वाटलं, तो भाषणाची चेष्टा करतोय.

"इट्स पार्ट-टाइम," तो म्हणाला. "यूनी सोडत नाहीये मी. पण ट्रेनिंगला जावं लागेल. आणि कुठे पाठवलं तर तिकडे."

"अरे पण का?"

तो गोंधळला. त्याचा गोंधळ अगदी खरा होता. "तूच म्हणतेस ना रोज? दोन आठवडे ऐकतोय मी. आय थॉट अबाउट इट अँड... यू वर राइट."

दुसऱ्या दिवशी फिरताना श्यामलाने मला हे सांगितलं आणि फुटपाथवर उभीच राहिली. "अगं, ते भाषण होतं! भाषणात माणूस असंच बोलतो. ह्या मुलांना एवढंही कळत नाही?"

कसं कळणार? त्यांना आपण मराठी शिकवलं, मराठी भाषणं कशी ऐकायची ते शिकवायचं राहिलं.

"शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात," मी म्हटलं. ती हसली नाही. माझी जीभ कधी कधी हासडून ठेवावी अशी आहे.

"सरळ सांग त्याला, नको जाऊ म्हणून," मी पुढे म्हटलं.

"कुठल्या तोंडाने? तो म्हणाला, त्या कोरियन मुलांनी जायला हवं आणि मी नको, असं आहे का? मी म्हटलं, त्यांना सक्ती आहे, तुला नाही. तर म्हणतो, मग माझं जाणं जास्त चांगलं ना." तिने नाक पुसलं. "यात चूक काय ते दाखव मला. मला सापडत नाही."

राजीवला विचारलं तर तो म्हणाला, मुलगा खोलीतून बाहेर तर येतोय. तेही खोटं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. भाषण मागे घ्यावं तर ते सगळं थापा होत्या असं मुलाला सांगितल्यासारखं, आणि ठेवावं तर रोज त्याला नव्याने पाठवल्यासारखं. शेवटी तिने त्या विषयावर बोलणंच बंद केलं. विहान जेवायला आला की ती आमटीत मीठ बरोबर आहे का ते विचारायची.

त्याच आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या घरी पोलीस तपासणीला आले. त्यांच्याबरोबरचा सैन्यातला पोरगा फाटकाशी उभा होता, गालावर मुरुमं, मास्क नाकाखाली घसरलेला. श्यामला थांबली. तिने आधी त्याला मास्क वर घ्यायला सांगितलं, आणि मग विचारलं, आई काय म्हणाली तुझी, तू सैन्यात गेलास तेव्हा?

तो हसला. "हेटेड इट. नाउ शी टेल्स एव्हरीवन."

"टेल्स एव्हरीवन," श्यामला घरापर्यंत पुटपुटत राहिली. "सगळ्यांना सांगत सुटली की बरं वाटतं का गं? होत असेल का तसं?"

स्पर्धा गणपतीतल्या शनिवारी झाली. चाळीस-एक घरं झूमवर, कुणाच्या मागे आरास, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. परीक्षक भास्करराव पुण्याहून बसलेले. मैथिलीने भाषण झकास केलं, शेवटचं वाक्य तर आईपेक्षा बरं म्हटलं. मग सूट द्यावी म्हणणाऱ्या बाजूचा अर्णव उठला. वय चौदा, आवाज फुटलेला. तो म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये माझी ताई कुणाशी बोलत नव्हती. त्यांच्या गाण्यांमुळे ती परत हसायला लागली. हीपण सेवाच आहे ना?" मग त्याने पडद्याकडे बघून विचारलं, "आणि इथल्या किती जणांनी आपला मुलगा आर्मीत पाठवलाय?"

कुणी चष्मा पुसला, कुणी पाणी प्यायलं. भास्करराव म्हणाले, प्रश्न श्रोत्यांना नाही, प्रतिस्पर्ध्याला विचारायचा. तेवढ्यात श्यामलाच्या चौकटीभोवती बोलणाऱ्याची पिवळी रेघ आली.

"माझा मुलगा जातोय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "विहान. आमचा विहान जातोय."

पडद्यावर टाळ्यांचे हात उडायला लागले. कुणीतरी जयजयकार केला. मीही टाळ्या वाजवल्या. मैथिलीला पहिला नंबर मिळाला. आणि कार्यक्रम संपायच्या आत श्यामलाच्या फोनवर मंडळातल्या बायकांचे खासगी निरोप येऊ लागले: काही करून थांबवता नाही का येणार गं त्याला?

पुढचं तिने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं.

लॅपटॉप मिटून ती वळली तर विहान जिन्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "आई, या मंडेला मी त्यांना 'नाही' असं सांगणार होतो."

"काय?"

"तू काही बोलतच नव्हतीस ना. मला वाटलं तू हर्ट झालीयेस, तुला नकोय. म्हणून ठरवलं होतं, सोडून देऊ."

"मग सांग ना नाही! अजून सांग!" ती म्हणाली. निदान तिला वाटतं की ती हे मोठ्याने म्हणाली. राजीव म्हणतो, तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही.

विहान खाली आला आणि त्याने तिला मिठी मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा, आपणहून. "आय डिडन्ट नो यू वर प्राउड," तो म्हणाला. "आता जातो मी. नक्की जातो."

आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? पाठीवरून हात फिरवत राहिले. इतका खूश होता गं तो." ती थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तू होतीस ना तिथे, तू माझा चेहरा बघितलास. मला अभिमान वाटत होता का?"

मी तो चेहरा नीट पाहिला होता. भरलेले डोळे दिसले होते, ते कशाने भरले होते ते मात्र दिसलं नव्हतं.